वाट सोडणारा गवा

फार फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा जंगल गावापेक्षा मोठं होतं आणि गावाला त्याची जाणीवही होती. त्या काळी डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या मथुरा नावाच्या एका आईची झोप उडाली होती.

कारण ऐकलंत तर हसाल. तिच्या सहा वर्षांच्या लेकीला, शेवंतीला, एकाएकी मारामाऱ्यांचं वेड लागलं होतं. माणसांच्या नव्हे, जनावरांच्या. त्याही झालेल्या नव्हेत; न झालेल्या.

“आई, वाघ आणि अस्वल भांडले तर कोण जिंकेल?” इथून दिवस सुरू व्हायचा. तोंड धुताना वाघ आणि अस्वल. भाकरी खाताना हत्ती आणि मगर. वेणी घालताना तर कहरच, कारण तेव्हा आईला उठून जाता यायचं नाही. हत्तीचा एक पाय चिखलात रुतला असेल आणि मगरीचं पोट आधीच भरलेलं असेल, तर? गवा म्हातारा असेल, पण त्याच्या पाठीशी कडा असेल, म्हणजे मागून कुणाला येता येणार नाही, तर? वाघ उपाशी असेल, तर?

“उपाशी म्हणजे किती दिवसांचा उपाशी?” असं एकदा मथुराच विचारून बसली, आणि मग तिला स्वतःचीच लाज वाटली.

मथुरा शिकलेली होती. माहेरी तिचे वडील पाठशाळेत शिकवायचे आणि त्यांच्या मांडीवर बसून तिनं अक्षरं गिरवली होती. सासरी येताना तिनं दोन लुगडी, एक समई आणि वडिलांनी स्वतःच्या हातानं उतरवून दिलेली प्राण्यांच्या लक्षणांची पोथी आणली. गावात वाचता येणारी ती एकटीच. म्हणून गाव तिला ‘शहाणी’ म्हणायचं. कधी कौतुकानं, कधी नाक मुरडून. आता, शहाण्या बाईला ‘मला नाही माहीत’ असं म्हणायची सोय नसते. त्यामुळे ती दर वेळी पोथी काढायची आणि खरंखुरं उत्तर द्यायची.

वाघाचे सुळे लांब, पण अस्वलाच्या दाट केसांत ते अडकतात, तेव्हा अस्वल जिंकेल. पण गव्याच्या शिंगांपुढे अस्वलाचं काही चालायचं नाही. गवा भारी खरा, पण हत्तीनं नुसता अंगावर भार टाकला तरी गव्याची बरगडी राहायची नाही. हत्ती सगळ्यांत मोठा, पण पाणी पिताना सोंड मगरीच्या जबड्यात सापडली तर संपलंच. आणि मगर उन्हाला काठावर आली, की वाघ तिला उलटी करून पोट फाडतो.

म्हणजे फिरून वाघावरच. शेवंती सगळं नीट ऐकून घ्यायची आणि शेवटी तिचा चेहरा उतरायचा.

मथुराला वाटायचं, पोरीला रक्ताची गोडी लागली. मग आपलं कुठं चुकलं ते ती शोधत बसायची. पोटुशी असताना जत्रेत एडक्यांची टक्कर पाहिली होती, ते भोवलं असेल का? की अंगावरचं दूध लवकर तोडलं म्हणून? रात्र सरायची आणि यादी संपायची नाही.

खरं सांगायचं तर झोप उडायला दुसरंही कारण होतं. पण ते मोठं होतं. मोठ्या काळजीच्या डोळ्याला डोळा देता येत नाही, तेव्हा माणूस एखादी लहान काळजी मांडीवर घेऊन थोपटत बसतो.

मथुराचा नवरा सुभाना जंगलात गेला होता.

त्या गावाचे पुरुष होळी झाली की मधाला जायचे. दोन महिने जंगलात राहायचं, कड्यांना दोर बांधून लोंबकळायचं, आग्यामोहोळाला धूर द्यायचा आणि पावसाच्या आत बुधले भरून घरी यायचं. सुभानासारखा कडा उतरणारा पंचक्रोशीत नव्हता. माश्या अंगावर उठल्या तरी तो दोर सोडायचा नाही. माघार हा शब्दच त्याला ठाऊक नव्हता. अरुंद रस्त्यात समोरून गाडी आली तर मागं जायची ती समोरच्याचीच. गाव म्हणायचं, सुभाना म्हणजे वाघ आहे वाघ. लग्न ठरलं तेव्हा मथुराला हे ऐकून बरं वाटलं होतं. आता वाटत नव्हतं.

या गावाची आणखी एक रीत होती. ज्या घरातलं माणूस जंगलात गेलं, त्या घरानं शिवेवर मातीचं एक जनावर करून ठेवायचं, जंगलाकडे तोंड करून. वाघ, गवा, अस्वल, जे मनाला येईल ते. जंगलात गेलेल्याची राखण ते करतं, अशी समजूत. जनावर कुठलं, हे घरातल्या सगळ्यांत लहान, पण बोलत्या मुलानं सांगायचं. आणि ते पहिल्या अमावास्येच्या आत ठेवायचं. माणूस परतला की त्यानं स्वतः ते उचलायचं आणि नदीत विरघळवायचं. माती कच्चीच असायची, भाजायची नाही. शिवेवर तीन-चार जुने गोळेही होते, पावसानं झिजलेले. कुठलं वाघ आणि कुठलं अस्वल, ते आता ओळखू येत नव्हतं. त्यांना कुणी हात लावायचं नाही.

अमावास्येला तीन दिवस उरले तरी सुभानाचं जनावर शिवेवर नव्हतं. मथुरा रोज विचारायची आणि शेवंती रोज म्हणायची, उद्या सांगते. मग पुन्हा तेच. रानडुक्कर चिडलेलं असेल आणि बिबट्या झाडावर असेल, तर?

तुम्हांला एव्हाना सगळं उमगलं असेल. मथुराला उमगलं नव्हतं. ती शिकलेली होती ना.

मातीच्या गोळ्यानं कुणाची राखण होत नाही, असं तिचे वडील सांगायचे आणि तिलाही ते पटलेलं होतं. तरी ती दिवसातून चारदा शिवेवर जाऊन यायची आणि इतरांच्या जनावरांमधली आपली रिकामी जागा बघायची.

इकडे घरातली उत्तरं पुरेनात, म्हणून शेवंती गावात विचारत सुटली. झालं. गावाला दुसरं काम नव्हतंच. धनगराच्या गालावर अस्वलाच्या नखांचे तीन व्रण होते. तो म्हणाला, अस्वलासारखं बळ कुणात नाही. सुताराची गाडी गव्यानं मोडली होती. तो म्हणाला, गव्यापुढे अस्वल म्हणजे घोंगडीचं बोचकं. तेल्याची म्हैस वाघानं नेली होती, तेव्हा तो अर्थातच वाघाचा. ज्याला ज्यानं ओरबाडलं, तो त्याचाच झेंडा घेऊन उभा. आपल्याला कुणा ऐऱ्यागैऱ्यानं लुबाडलं, असं कोण कबूल करील?

दोन दिवसांत पारावर तीन तट पडले. धनगरानं सुताराला विचारलं, गवा एवढा शूर, तर गाडीवर कशाला गेला, गाडीला काय शिंगं होती? सुतार म्हणाला, तुझ्या अस्वलानं तुला अर्धाच चाटला, त्याला पुरता खायलाही जमलं नाही. त्या दिवशी सुतारानं धनगराच्या दाराची मोडकी बिजागरी तशीच ठेवली आणि तेल्यानं दोघांनाही तेल दिलं नाही.

हे सगळं आपल्या पोरीमुळं, म्हणून मथुराला विहिरीवर तोंड दाखवायची चोरी झाली. अमावास्येच्या सकाळी तिनं शेवंतीला दंडाला धरलं आणि ती थेट राहीआजीच्या दारात जाऊन उभी राहिली.

राहीआजी गावाची कुंभारीण. शिवेवरची सगळी जनावरं तिच्या हातची. मथुरा तिला म्हणाली की आता तुम्हीच काय ते एक जनावर करून द्या, या मुलीला मारामारीशिवाय दुसरं सुचत नाही, बापाची तर आठवणही नाही तिला.

राहीआजीनं हातातलं गाडगं खाली ठेवलं. मग शेवंतीसमोर बसून तिनं विचारलं, “कोण जिंकतं ते तुला कशाला पाहिजे गं बाई?”

इतक्या दिवसांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. शेवंती पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत म्हणाली, “जो कुणालाच हरत नाही तो ठेवायचाय बाबांसाठी. पण आई म्हणते तसा कुणी नाहीच.”

मथुरा उंबऱ्यावरच बसली. पंधरा दिवस पोरगी एकेक राखणदार घेऊन तिच्याकडे येत होती, आणि तिनं पोथी उघडून एकेकाला खाली पाडलं होतं. तेही बिनचूक.

तिला वाटलं, आता लेकीला जवळ घ्यावं आणि म्हणावं, आहे गं तसा एक. पण तसा कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. आणि खोटं सांगणं तिला कधी शिकवलेलं नव्हतं.

राहीआजीनं कोपऱ्यातलं टोपलं उचललं. माती संपलीय, म्हणाली. मातीला डोहावर जावं लागेल, तुम्हीही चला. ऊन वर आलंय, या वेळेला जनावरं सावलीत असतात.

डोह जंगलात अर्ध्या कोसावर होता. राहीआजी सबंध वाटभर खुरप्यानं टोपल्याची कड बडवत चालली होती. शेवंतीनं विचारलं, हे कशासाठी? तर म्हातारी म्हणाली, आपण येतोय हे त्यांना कळवावं लागतं, म्हणजे ते बाजूला होतात. कुणाच्या घरात शिरताना आपण खाकरतो, तसं.

उन्हाळ्यानं डोह आटून लहान झाला होता. भोवती काळ्या चिकणमातीचा रुंद पट्टा उघडा पडला होता आणि त्याच्यावर पावलंच पावलं उमटली होती. भाकरीएवढे दुभंगलेले खूर. परातीएवढे गोल ठसे. कमळाच्या पाकळ्यांसारखे पंजे.

मथुराची नजर एका जागी खिळली. टाच, चवडा, पाच बोटं. माणसाचं अनवाणी पाऊल. ती धावतच गेली, लुगड्याचा काठ चिखलात माखला तरी तिला कळलं नाही. तिनं वाकून त्या पावलाशेजारी हाताचा पंजा ठेवून पाहिला. सुभानाचं पाऊल केवढं, हे तिच्या हाताला ठाऊक होतं.

“अस्वलाचं आहे ते, पोरी,” राहीआजी मागून हळूच म्हणाली. “पुढं नखं बघ.”

नखं होतीच. मथुरानं हात काढून घेतला. मग उगाच, कुणाच्या लक्षात येऊ नये अशा बेतानं, तिनं सगळा काठ नजरेखालून घातला. माणसाचं पाऊल कुठंच नव्हतं.

राहीआजीनं शेवंतीला बोटाशी धरलं आणि खुरप्याच्या टोकानं ती चिखल वाचून दाखवू लागली. होय, वाचूनच.

“हा बघ गवा आला. इथवर कसा सरळ आला, तहानलेला असणार. आणि इथं चारही खूर एका जागी. का थांबला?”

शेवंतीनं इकडे तिकडे पाहिलं. समोरून वाघाचे पंजे येत होते.

“बरोबर. वाघ म्हणाला, मला पाणी पाहिजे. गवा म्हणाला, मलाही पाहिजे. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग गवा मनात म्हणाला, माझा कळप पलीकडे उभा आहे. आणि हा बघ, करवंदीकडे वळला. वाघ पाणी पिऊन गेला, आणि मग गवा परत आला. वाघाच्या पंजावर खूर पडलाय, दिसतोय?”

“म्हणजे गवा हरला,” शेवंती म्हणाली.

“थांब की जरा. इकडे ये. हा तोच वाघ, याचं एक बोट आखूड आहे. इथं अस्वलीण होती, ही दोन तिची पिल्लं. आणि वाघ कसा गेलाय बघ.”

वाघाचे ठसे काठाच्या मधोमध येऊन अचानक वळले होते आणि भला मोठा वळसा घालून डोहाच्या दुसऱ्या टोकाला पोचले होते.

शेवंती बराच वेळ त्या वळशाच्या कडेकडेनं चालत राहिली, चिखलात आपली पावलं त्याच्या पावलांशेजारी टाकत. मग तिनं विचारलं, ते कधीच भांडत नाहीत का?

राहीआजीनंही खोटं सांगितलं नाही. “भांडतात कधीतरी. चाळीस उन्हाळे मी माती काढतेय, त्यात दोनदा इथं रक्त पाहिलं. दोन्ही वेळा हरलेला इथं पडला होता.”

“आणि जिंकलेला?”

“तो पुढच्या ओढ्यापर्यंत गेला. तिथं पडला होता.”

म्हातारीनं टोपलं भरलं आणि चुंबळ करून डोक्यावर घेतलं.

राहीआजीच्या घरी येताच शेवंती म्हणाली, गवा करायचा. पण शिंगं रोखलेला नको. तो थांबला होता ना, तसा. मान वळवलेला आणि पुढचा एक पाय वाटेच्या बाहेर टाकलेला. राहीआजीनं जन्मभर ताठ मानेची जनावरं केली होती. तिला ही मान काही केल्या जमेना. तीन वेळा मोडली. चौथ्यांदा शेवंतीनंच दोन्ही हातांनी धरून वळवली, आणि ती थोडी जास्तच वळली. गवा मागं वळून कुणालातरी बघतोय असा दिसू लागला.

सूर्य मावळायच्या आत तो शिवेवर ठेवला. दोन्ही बाजूंना जबडे उघडलेले वाघ, उभी राहिलेली अस्वलं आणि मधोमध हा. गाव बघायला जमलं आणि हसलं. तेली म्हणाला, हा राखण करतोय की पळ काढतोय? धनगर आणि सुतार यांचं तीन दिवसांत पहिल्यांदाच एकमत झालं, की हे काही खरं नाही. सुतार तर दुखावलाच. माझी गाडी मोडली तो गवा असा नव्हता, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. पारावरचे तट काही त्या दिवशी मिटले नाहीत. असली भांडणं इतक्यात मिटत नसतात. पण सांगतात, की पुढं वर्षं गेली तसतशी त्या शिवेवर मान वळवलेली जनावरं वाढत गेली. आणि वाढली तेव्हा त्याचं कारण कुणाला विचारावं लागलं नाही.

शेवंतीनं मात्र त्या दिवसापासून, कोण जिंकेल, हे विचारणं सोडलं.

मंडळी पांगली. मायलेकी तेवढ्या उरल्या. जंगलाच्या कडेची झाडं एकात एक मिसळत चालली होती आणि त्यांच्यामधून येणारी पायवाट अजून जेमतेम दिसत होती. मथुरा तिच्याकडे बघत उभी राहिली. दोन महिन्यांतले पंधराच दिवस झाले होते. आज कुणी येणार नव्हतं, हे तिला ठाऊक होतं, तरी पाय निघत नव्हता. शेवंतीनं तिचा पदर बोटाला गुंडाळला होता.

काहीतरी बोलायला हवं होतं. आणि शिकलेल्या बाईला गोष्टीचं सार सांगितल्याशिवाय राहवत नाही. म्हणून मथुरा खाली बसली, लेकीच्या हातावरची वाळलेली माती नखानं काढू लागली आणि म्हणाली, “ज्याची घरी कुणी वाट बघत असतं ना शेवंते, त्यानं हार-जीत जंगलातच सोडून यावी.”

शेवंतीनं ते ऐकलं. तिनं गव्याकडे पाहिलं, मग पायवाटेकडे. मग आईकडे वळून ती म्हणाली,

“हे बाबांना माहीत आहे?”